वाळपईचे काजूगर, काठमांडूची भाऊबीज

आईने १९९१ साली गोव्यातल्या वाळपईच्या घराच्या पडवीत काजू सोलायला घेतले. सोबत शेजारच्या दोघी. काजूच्या टरफलातला चीक हात पोळतो, म्हणून हातांना राख चोळून बसायच्या. आज आमच्याकडे बावीस जणी आहेत आणि निम्मा माल काठमांडूला जातो.

तो तिकडे पोचला एका आचाऱ्यामुळे. कळंगुटच्या हॉटेलातला हा नेपाळी माणूस दशैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, गावी जाताना आमच्याकडून पाच किलो गर न्यायचा. त्याच्या मामांचे काठमांडूच्या असन बाजारात सुक्या मेव्याचे दुकान. २०१२ साली ते साहुजी स्वतःच वाळपईला आले. तिकडे काजू, बदाम, अक्रोड, मनुकांच्या पुड्याला ‘मसला’ म्हणतात. तिहारात, म्हणजे तिकडच्या दिवाळीत, भाईटीकेला बहीण तो भावाला देते. आई म्हणाली, “म्हणजे आमची भाऊबीजच की!” सौदा तिथेच ठरला.

नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. बिल भारतीय रुपयांत निघते, त्यामुळे आमच्यासारख्या लहानांना चलनाच्या चढउताराची धास्ती नाही. धास्ती असते ती रस्त्याची. बिहारमधल्या रक्सौलला नाका ओलांडून माल नेपाळमधल्या वीरगंजला जातो, मग डोंगर चढतो.

एप्रिल २०१५च्या भूकंपात साहुजींच्या गोदामाची भिंत पडली. सप्टेंबरात नेपाळच्या नव्या राज्यघटनेवरून तराईत, म्हणजे तिथल्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, आंदोलन पेटलेले, नाका बंद, आमचा ट्रक रक्सौलच्या रांगेत. दशैं गेला, तिहार गेला. कर्जाचा हप्ता डोक्यावर, मला झोप येईना. साहुजींचा फोन आला, “भाइ, तोटा निम्मा माझा.” फेब्रुवारीत वाट मोकळी झाल्यावर त्यांनी तो माल मिठाईवाल्यांना पडत्या भावाने विकला आणि शब्द पाळला. करारात तशी अट नव्हती. आता आहे, दोघांच्याही बाजूने.

तेव्हापासून आमचा माल चवथीआधीच निघतो. भर पावसात गराचा ओलावा ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणजे ड्रायर रात्रंदिवस चालतो. वीजबिल जड जाते, पण बायकांना चवथीची सुट्टी निवांत मिळते. साहुजी इलामची मसाला वेलची पाठवतात, ती आम्ही इथल्या हॉटेलांना देतो.

आई आता सोलायला बसत नाही. पण पहिल्या खोक्यात साहुजींसाठी किलोभर गरांची वेगळी पुडी असते, ती तीच बांधते.