कापो लावला की सूर बिघडतो

ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा, उचलला गेलेली गिटार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा एवढंच म्हणतो, “जरा चिकटवून द्या.” त्या ताईही तेच म्हणाल्या. जाता जाता दारातून वळून मात्र त्यांनी आणखी एक सांगितलं. “आणि दादा, कापो लावला की सूर बिघडतो हिचा. ते माझ्या कानाचंच असेल म्हणा, तुम्ही आपला ब्रिज बघा.”

ताई लहान मुलांना गाणी शिकवतात. मुलांचे आवाज उंच, त्यामुळे कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर वर नेणारा मानेवरचा चिमटा, रोजचाच. मी मान डोलावली आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘ब्रिज’. कापोचं काही लिहिलं नाही. तारा त्यांनी आधीच सैल करून आणल्या होत्या, त्यामुळे वाजवून बघण्याचाही प्रश्न नव्हता.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवला तर तो थेट तारा अडकवणाऱ्या पिनांपर्यंत आत गेला. व्हायोलिनची घोडी तारांच्या दाबानेच जागेवर उभी राहते. गिटारच्या ब्रिजचं उलटं आहे. स्टीलच्या सहा तारा मिळून सुमारे ७० किलोचा ताण देतात, आणि तो ताण रात्रंदिवस ब्रिजला पुढे ओढून मागून उलथवू पाहतो. हे सगळं तोलून धरायला खाली स्प्रूस लाकडाची जेमतेम ३ मिलिमीटरची फळी, म्हणजे गिटारचा टॉप, आणि मध्ये गोंदाचा एक पातळ थर. म्हणून मागची कड आधी सुटते. इथे तर त्यावर कडी म्हणजे पिनांच्या भोकांमधून एक चीर गेली होती, पहिल्या तारेपासून चौथ्या तारेपर्यंत. चिकटवून भागणार नव्हतं, नवा ब्रिज करावा लागणार होता. साउंडहोलमधून, म्हणजे गिटारच्या मधल्या गोल भोकातून, आरसा आणि दिवा घालून ब्रिजखाली आतून लावलेली ब्रिज प्लेट पाहिली. ती शाबूत होती, तारांच्या टोकांच्या गोळ्यांनी कुरतडलेली नव्हती. बरं वाटलं.

जुना ब्रिज काढणं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. ब्रिजच्या आकाराची खिडकी कापलेला पुठ्ठा टॉपवर ठेवला, त्यावर फॉइल लावलं, म्हणजे भोवतालच्या पॉलिशला झळ लागू नये. मग ब्रिजवर हीटिंग पॅड ठेवून वाट पाहिली. गोंद मऊ व्हायला लागला की पातळ पातं आत जातं, पण कुठून घालायचं ते आधी ठरवावं लागतं. स्प्रूसचे रेषे फळीच्या पृष्ठभागाला अगदी समांतर क्वचितच असतात, थोडे तिरपे आत उतरतात. टॉप एकाच लाकडाचे दोन काप पुस्तकासारखे उघडून जोडलेला असतो, त्यामुळे एका अर्ध्या भागात रेषे ज्या दिशेला उतरतात त्याच्या बरोबर उलट दुसऱ्या भागात. उजेड तिरपा पाडला की एक बाजू गडद, एक फिकी दिसते ती त्यामुळेच. म्हणून एका बाजूला पातं मागून घालायचं आणि दुसऱ्या बाजूला साउंडहोलकडून. विसरलात तर पातं रेषांचा उतार पकडून खाली शिरतं आणि ब्रिजबरोबर टॉपची साल घेऊन येतं. मी एकेक सेंटिमीटर गेलो. कुरकुर असा बारीक आवाज येतो तोवर गोंद सुटतोय. आवाज कोरडा, फाटल्यासारखा झाला की थांबायचं आणि पुन्हा गरम करायचं. पाऊण तासाने ब्रिज हातात आला. टॉपवर दोन-तीन रेषेच काय ते उचलले गेले होते, ते तिथल्या तिथे गोंदाने बसवले.

ब्रिज का सुटला ते खाली लिहिल्यासारखं स्पष्ट होतं. चहूबाजूंनी ५ मिलिमीटर रुंदीची पॉलिशची चौकट तशीच ठेवून त्यावर ब्रिज चिकटवला होता. गोंद लाकडाला धरतो, पॉलिशला धरत नाही. म्हणजे चिकटायला मिळालेल्या जागेतली जवळपास एक तृतीयांश फुकटच गेली होती. हे आधी कधीतरी ब्रिज बदलणाऱ्याचं काम. कारण पॉलिशमध्ये आणखी एका ब्रिजची फिकट कड दिसत होती.

शिसवीचा तुकडा निवडला, जुना ब्रिज त्यावर ठेवून बाहेरची रेषा मारली, पिनांची भोकं पाडली. टॉप दिसायला सपाट असला तरी किंचित फुगीर असतो. म्हणून टॉपवर पॉलिश पेपर उलटा चिकटवून त्यावर ब्रिजचा तळ घासत राहिलो, तळावरच्या पेन्सिलच्या रेघा सगळीकडून सारख्या पुसल्या जाईपर्यंत. दुपार टळून गेली. राहिली होती सॅडलची, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पातळ पट्टीची, खाच. जुन्या ब्रिजवरून तीही पेन्सिलीने उतरवून घेतली आणि खाच कापायचा राउटर हातात घेतला.

खाच कापण्याआधी नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथून, एकदा मोजायची माझी सवय आहे. ब्रिज नुसता जागेवर ठेवला, पिना बसवल्या, पट्टी लावली. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपर्यंत, ३२२.५ मिलिमीटर. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर येतो, म्हणून दुप्पट ६४५. बोटाने दाबल्यावर तार ताणली जाऊन थोडी चढते, ती भरपाई म्हणून सॅडल त्यापेक्षा मागे हवं, पहिल्या तारेला सुमारे २ मिलिमीटर, सहाव्या जाड तारेला सुमारे ५. म्हणजे पहिल्या तारेशी ६४७ यायला हवे होते. पट्टीवर ६४३ आले.

पट्टी नीट धरली नसेल म्हणून पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या पट्टीने. सहाव्या तारेशीही तेच, ४ मिलिमीटर कमी.

राउटर खाली ठेवला. पिना बरोबर जागी होत्या, कारण टॉपमधली भोकं मुळातली. चुकली होती ती पिना आणि खाच यांच्यातली जागा. कुणीतरी दुसऱ्या मापाच्या गिटारसाठी केलेला तयार ब्रिज आणून भोकांवर भोकं जुळवून चिकटवला होता. भोकं जुळली, ब्रिज चपखल बसला, आणि सॅडल ४ मिलिमीटर पुढे आलं. मोकळी तार सुरात लावली तरी बाराव्या फ्रेटवर ती सुमारे ११ सेंट चढी, म्हणजे एका अर्ध्या स्वराच्या नवव्या भागाएवढी. खालच्या फ्रेटवर कमी, वर जावं तसं जास्त. कापो लावला की सगळ्याच तारा चढ्या वाजणार, ते सांगायला नकोच.

मी ताईंना फोन केला. “कापो लावल्यावर तारा उतरवता का हो थोड्या?”

पलीकडे क्षणभर शांतता. “दरवेळी. का?”

गिटार त्यांनी वापरलेलीच घेतली होती, दहा वर्षांपूर्वी. सातव्या फ्रेटच्या वर त्यांनी वाजवणं कधीच सोडून दिलं होतं. मी त्यांना म्हटलं, ताई, तुमचा कान बरोबर होता, ब्रिज चुकीचा होता. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मला स्वतःचा रागच आला होता, कारण ही गोष्ट त्यांनी दारातच सांगितली होती आणि मी ती कागदावर उतरवली नव्हती.

ती पेन्सिलची रेष खोडली. आता खाच ब्रिज चिकटल्यावर, टॉपवरच मोजून कापायची असं ठरवलं. पॉलिशची चौकट ब्रिजच्या कडेपासून अर्धा मिलिमीटर राखून पटाशीने खरवडली आणि स्वच्छ स्प्रूस उघडा केला. गरम सरस वापरला. पाण्याच्या भांड्यात तो ६० अंशांच्या आसपास ठेवावा लागतो आणि लावल्यावर मिनिटभरात धरायला लागतो. त्यामुळे ब्रिज आणि टॉप दोन्ही आधी कोमट करून ठेवले, साउंडहोलमधून आत जाणारे तीन क्लॅम्प हाताशी मांडले, सरस न लावता दोनदा तालीम केली. खरं चिकटवणं अर्ध्या मिनिटात उरकलं. कडेने चारी बाजूंनी सरसाचे सारखे मणी बाहेर आले, ते ओल्या फडक्याने टिपले आणि रात्रभर हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६४७ ते ६५० अशी तिरकी खाच कापली, हाडाचं सॅडल कानसून बसवलं आणि तारा चढवल्या. बाराव्या फ्रेटवरचा हार्मॉनिक, म्हणजे तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर, आणि दाबलेला स्वर, पाच तारांवर एकमेकांत मिसळले. दुसरी तार किंचित चढी होती, तिच्यासाठी सॅडलचा माथा मागे सरकवला.

ताई आल्या तेव्हा मी काही समजावत बसलो नाही, गिटार नुसती पुढे केली. त्यांनी पाचव्या फ्रेटला कापो लावला आणि वाजवायच्या आधीच त्यांचा डावा हात खुंटीकडे गेला. दुसरी तार त्यांनी पावफेर उतरवली. मग कॉर्ड छेडली. तार उतरलेली वाजली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि हळूहळू खुंटी होती तिथे परत आणली.