लाल भोपळ्याचा एकच वेल, शेंड्यापासून बुडापर्यंत

वेगवेगळ्या भाज्यांचे देठ कापून बघणं या पावसाळ्यात बाजूला ठेवलं आणि एकच झाड धरलं: परसातला लाल भोपळा. एकच वेल घ्यायचा, कांड्यामागून कांडं कापत बुडापर्यंत जायचं, सगळ्या कापांना एकच रंग द्यायचा आणि स्लाइडी सूक्ष्मदर्शकाखाली ओळीने लावून बघायच्या. मूल ऊती (पातळ भिंतींच्या साध्या पेशी), स्थूलकोन ऊती (कोपऱ्यांत जाड भिंतींच्या), दृढ ऊती (सगळीकडून जाड, कडक भिंतींच्या) आणि त्यांची कामं आपण शाळेत तक्त्यात शिकलो. पण कोणती ऊती केव्हा कामाला लागते, हे तक्त्यात दिसत नाही. वेलात ते ओळीने मांडलेलं मिळतं, कारण शेंड्याकडचं कांडं कोवळं आणि बुडाकडचं जून.

साहित्य नेहमीचंच. दोन्ही बाजूंनी धार असलेलं नवं कोरं ब्लेड, पाण्याची बशी, बारीक ब्रश. जून कांडं हातात धरून कापता येतं. कोवळं दबतं, म्हणून गाजराच्या तुकड्याला खाच पाडून त्यात ते बसवलं. ब्लेड आणि खोड दोन्ही ओलं ठेवायचं आणि पातं दाबायचं नाही, तिरकं एका दमात ओढायचं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आवर्जून सांगते: अख्खा गोल काप पातळ यावा हा हट्ट नको. एका कडेला पातळ होत गेलेला पाचरीसारखा काप पुरतो, त्या कडेवर सगळं दिसतं.

रंगासाठी सॅफ्रानिन या नेहमीच्या लाल रंगाऐवजी टोल्यूइडिन ब्लू घेतला. ०.०५ टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण, साधारण मिनिटभर, मग स्वच्छ पाण्यात धुणं. गंमत अशी, की एकाच निळ्या रंगातून दोन-तीन छटा मिळतात. लिग्निन (भिंत लाकडासारखी कडक करणारा पदार्थ) चढलेल्या भिंती निळ्या-हिरवट होतात आणि पेक्टिन (भिंतीतला मऊ, चिकट पदार्थ) भरपूर असलेल्या भिंती गुलाबी-जांभळ्या. ओब्रायन, फेडर आणि मॅककली यांनी १९६४ मध्ये वनस्पतींच्या पेशीभित्तिकांसाठी ही रीत मांडली. हाताने घेतलेल्या कापांसाठी मला तरी याहून सोपी आणि बोलकी रीत सापडलेली नाही.

रंगाच्याही आधी नुसत्या भिंगाने बघण्यासारखी एक गोष्ट आहे. वेल कापला की कापाच्या तोंडाशी ठरावीक जागांवर रसाचे थेंब उभे राहतात. सगळीकडून पाणी सुटत नाही, ठिपक्यांतूनच येतं. सुईच्या टोकाने थेंब हलवून बघा: थोड्या वेळात तो जेलीसारखा घट्ट होतो आणि टोकाला तार धरतो. हा रसवाहिन्यांमधला, म्हणजे अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांमधला रस. त्यातली प्रथिनं हवेशी संबंध आला की एकमेकांत अडकतात. जखम झाली की आतलं अन्न वाहून जाऊ नये, याची ही तजवीज. भोपळ्याच्या कुळात ती इतकी ठळक दिसते, की मी दर वेळी काप बाजूला ठेवून आधी थेंबच बघत बसते.

आता शेंडा. अगदी टोकाला विभाजी ऊती, म्हणजे लहान, दाट भरलेल्या, पातळ भिंतीच्या पेशी. तिथे मी फार थांबले नाही. हाताच्या कापात त्यांचा गर्दा होतो आणि त्या नीट बघायला मेणात बसवून केलेले काप लागतात. खरी मजा त्याच्या खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या कांड्यात आहे. भोपळ्याचं खोड पाच कण्यांचं, म्हणजे बाहेर आलेल्या पाच उभ्या कंगोऱ्यांचं असतं. प्रत्येक कण्यात, अपित्वचेच्या (सगळ्यात बाहेरच्या थराच्या) लगेच खाली, स्थूलकोन ऊतीचा जाड पुंजका दिसतो. ४०० पट मोठं करून पाहिलं तर पेशींच्या भिंती मधे पातळ आणि कोपऱ्यांत भरघोस जाड, गडद जांभळ्या. चार पेशी जिथे भेटतात तिथे जांभळी चांदणी उमटते. या कांड्यात निळा-हिरवट रंग जवळजवळ नाहीच. असतो तो पहिल्या काही जलवाहिन्यांच्या कड्यांवर.

म्हणजे वाढत्या कांड्याचा सगळा भार दोघांवर असतो. एक, मूल ऊतीच्या पेशींतला पाण्याचा दाब (दुपारच्या उन्हात शेंडा मान टाकतो तो हा दाब उतरल्यामुळे) आणि दुसरी, ही स्थूलकोन ऊती. ती जिवंत असते, तिच्या भिंतीत सेल्युलोज, पेक्टिन आणि भरपूर पाणी असतं, लिग्निन नसतं. म्हणून ती आधार देता देता लांबतही जाते. लिग्निनने कडक झालेल्या पेशीला हे जमणार नाही. वाढत्या कांड्यात ती घातली तर वाढच अडेल. सुरुवातीच्या जलवाहिन्यांचीही तीच युक्ती. उभ्या कापात त्यांच्या भिंतीवर सलग थर दिसत नाही, सुट्या कड्या किंवा स्प्रिंगसारखी वेटोळी दिसतात. कांडं लांबलं की वेटोळी विरळ होत जातात आणि नळी आत चेपत नाही.

आणखी खाली गेलं, जिथे कांड्याची लांबी वाढायची थांबलेली आहे, की चित्र पालटतं. कण्यांतली जांभळी पुंजकी तशीच आहेत, पण त्यांच्या आत, थोडी जागा सोडून, फिक्या निळ्या-हिरवट पेशींची रेघ सुरू होते. पुढच्या कांड्यात ती ठसठशीत, आणि बुडाशी तिचं अख्खं कडं झालेलं असतं, कण्यांबरोबर आतबाहेर वळत जाणारं. ही दृढ ऊती. पेशी चिंचोळ्या, भिंती सगळीकडून सारख्या जाड, आतली पोकळी रिकामी. लांबी ठरल्यावरच लिग्निन चढतं, हा क्रम एकाच वेलाच्या स्लाइडींमधून इतका स्वच्छ दिसला, की या सगळ्या खटाटोपाचं सार्थक झालं असं वाटलं.

कडं बाहेरच्या बाजूला आणि मधे पोकळी, यामागे हिशेब आहे. काठी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण आणि दाब तिच्या बाहेरच्या थरांवर येतो. मधल्या भागाला काम फार थोडं. म्हणून तेवढंच साहित्य नळीसारखं मांडलं तर वाकण्याला जास्त विरोध करतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी १८७४ मध्येच खोडांतल्या बळकट ऊतींची मांडणी अशी अभियंत्याच्या नजरेने तपासली होती.

वाहक वृंदांबद्दल (जलवाहिन्या आणि रसवाहिन्यांच्या जुड्यांबद्दल) लिहायचं तर वेगळी नोंद लागेल, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. भोपळ्यात सहसा दहा वृंद असतात, पाच बाहेरचे कण्यांसमोर आणि पाच आतले खाचांसमोर. बहुतेक झाडांत रसवाहिन्या जलवाहिन्यांच्या एकाच बाजूला असतात. इथे त्या बाहेरही आहेत आणि आतही. आणि जलवाहिन्या एवढ्या रुंद, की जून कापात त्यांची भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. वेलाचं खोड बारीक, पानं मोठाली, फळ तर विचारूच नका. पाणी पोचवायचं तर रुंद नळ्याच हव्यात. रसवाहिन्यांमध्ये चाळणीपट्टिका (नळीतला छिद्रांचा आडवा पडदा) शोधायची हौस असेल तर भोपळ्याइतकं सोयीचं झाड नाही. आडव्या कापात एखादी चालनी नलिका (रसवाहिनीतली अन्न वाहणारी नळी) नेमकी पट्टिकेच्या जागी कापली गेली, की गोल चकतीवर छिद्रंच छिद्रं दिसतात. त्या नलिकेत केंद्रक नसतं, तरी ती जिवंत असते. शेजारची छोटी सहपेशी तिचं चालवते.

एका बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवणाची फिल्म काढून दोन तुकडे केले, एक सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यावर आणि एक आयपीसवर (डोळ्याजवळच्या भिंगावर). एक तुकडा फिरवत गेलं की पार्श्वभूमी काळी होते आणि जाड भिंती चमकतात. रंग न देता दृढ ऊतीचं कडं शोधायला हा सोपा उपाय आहे. मात्र स्थूलकोन ऊतीतलं सेल्युलोजही चमकतं, त्यामुळे दोन्ही ओळखायला रंगाचा काप शेजारी हवाच.

आता ताणे, म्हणजे वेल ज्यांनी आधाराला विळखा घालतो ते दोऱ्यासारखे भाग, घेतले आहेत. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये काकडीच्या ताण्यांवर काम करून दाखवलं, की ताण्याच्या आत तंतुपेशींची एक पातळ पट्टी असते, तिची एक बाजू जास्त आखडते आणि त्यामुळे सगळा ताणा वेटोळा होतो. आधार न सापडलेला सरळ ताणा आणि कुंपणाच्या तारेला विळखा घालून बसलेला, दोघांचे आडवे काप एकाच रंगात शेजारी ठेवायचे आहेत. विळखा घातलेला ताणा सरळ करून कापला तर पट्टी फाटते, म्हणून वेटोळ्यासकट बटाट्याच्या तुकड्यात रोवून कापून बघणार आहे. कुणी दोडक्याचे किंवा कारल्याचे ताणे कापले असतील तर काप कसा धरला ते जरूर कळवा.