सहाव्या दिवशी दिलेलं रक्त

माझ्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली चरबीची गाठ होती. लिंबाएवढी. दुखत नव्हती, पण ब्राचा पट्टा नेमका तिच्यावरून जायचा आणि डायलिसिसच्या कामात दिवसभर वाकून राहायचं म्हटल्यावर ती काचायला लागली. सर्जन म्हणाले, अर्ध्या तासाचं काम आहे, तेवढी जागा बधिर करून काढून टाकू. आधी रक्त तपासून घ्या. सीबीसी, शुगर आणि ऑपरेशनआधी सगळ्यांच्याच करतात त्या तीन तपासण्या: एचआयव्ही, एचसीव्ही म्हणजे सी काविळीची आणि एचबीएसएजी म्हणजे बी काविळीची (हिपॅटायटिस बी).

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेले तर काउंटरवरच्या मुलीने बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मॅडम, तुमचं बी पॉझिटिव्ह आलंय. सरांनी तारीख कॅन्सल केलीये." शेजारी बसलेल्या बाईने आपल्या पोराला जवळ ओढलं. फाइलच्या कोपऱ्यात लाल पेनाने गोल करून झाला होता. रिपोर्टवर लिहिलं होतं: एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह, इंडेक्स २.१, मर्यादा १.०.

मी डायलिसिस टेक्निशियन म्हणून कामाला लागून तेव्हा दोनच महिने झाले होते. आमच्याकडे बी पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन वेगळं असतं, शेवटच्या खोलीत, लाल पट्टी लावलेलं. त्या मशीनवर मीही ड्यूटी केली होती. नाशिकच्या सिडकोतल्या खोलीवर जाईपर्यंत बसमध्ये मी एकच गोष्ट आठवत राहिले: कुठली सुई? कुठला ग्लोव्ह फाटला होता? काही आठवेना, आणि आठवत नाही याचीच जास्त भीती वाटली.

घरी फोन केला. आमचं गाव दिंडोरी तालुक्यात, दोन एकर द्राक्षबाग. आईने लगेच काविळीचं गावठी औषध देणाऱ्या माणसाचं नाव काढलं. बाबा गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे विचारून आले आणि म्हणाले, "ते म्हणतात ऑस्ट्रेलिया अँटिजेन निघालाय तुला. आपण कुठं गेलो गं ऑस्ट्रेलियाला?" त्या रात्री हसू आलं ते तेवढंच.

बाबांचा प्रश्न तसा वेडगळ नव्हता, हे नंतर वाचल्यावर कळलं. बारुख ब्लूमबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ जगभरातल्या लोकांच्या रक्तातली प्रथिनं ताडून बघत होते. पुष्कळ वेळा रक्त चढवलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवाची गाठ ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तद्रवाशी पडली आणि दोन्हींच्या मध्ये एक रेघ उमटली. रेघ कशाची ते कळेना, म्हणून नाव ठेवलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. ते १९६५ साली छापून आलं. ही बी काविळीच्या विषाणूच्या अंगावरची साल, म्हणजे आजचं एचबीएसएजी, आहे हे पुढच्या काही वर्षांत उलगडलं आणि १९७६ साली ब्लूमबर्गना नोबेल मिळालं. जुने डॉक्टर अजून तेच नाव घेतात.

दोन दिवसांनी गंगापूर रोडवरच्या एका लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट पाहिला, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, पोट दाबून बघितलं. मग विचारलं, "काम कुठे करता?" सांगितलं. "लस घेतली?"

"हो सर. पहिला डोस झालाय."

"कधी?"

"मागच्या मंगळवारी."

"आणि हे रक्त?"

"सोमवारी दिलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सहा दिवस. हे तुम्हाला आत्तापर्यंत कुणीच विचारलं नाही?"

कुणीच नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं. दंडात टोचून घेतलेली लस आणि रक्तात सापडलेला विषाणू या माझ्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि एक मोठा गोळा काढला, त्याच्या आत एक छोटा. "हा पूर्ण विषाणू. ४२ नॅनोमीटर. बाहेरचं हे आवरण, त्यातलं प्रथिन म्हणजे एचबीएसएजी. आतला हा कोअर, त्यात डीएनए." मग त्याच्या भोवती पेनाने नुसतीच टिंबं मारत सुटले. कागद भरून गेला. "आणि या रिकाम्या साली. २२ नॅनोमीटरच्या. आत काही नाही. बाधा झालेली पेशी पूर्ण विषाणू बनवते थोडे आणि साली काढते अमाप. एका विषाणूमागे हजार, कधी लाखसुद्धा."

इतकी रिकामी टरफलं कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, आपल्या प्रतिकारशक्तीने काढलेल्या अँटिबॉडी या टरफलांवरच खर्ची पडतात, असं मानतात. खरा माल गर्दीत निसटतो.

त्या सालीत तीन मापांचं प्रथिन असतं, लहान, मधलं आणि मोठं. तिघांचं शेपूट एकच, पुढे जोड वाढत जाते. सगळ्यात मोठ्याच्या टोकाला जो जास्तीचा भाग असतो तो म्हणजे अडकवायचा आकडा. यकृताच्या पेशीवर पित्तक्षार आत घेणारं एक दार असतं, त्या दाराला हा आकडा अडकतो. ते दार सापडलं अगदी अलीकडे, २०१२ साली. लहान प्रथिन २२६ अमिनो आम्लांचं. ते आवरणाच्या पडद्यातून शिवणीच्या दोऱ्यासारखं चार वेळा आत-बाहेर जातं आणि मध्ये एक वळसा बाहेर लोंबता सोडतं. त्या वळशाला गंधकाच्या टाक्यांनी आवळून पक्का आकार आलेला असतो. आपल्या अँटिबॉडी येऊन बसतात त्या तिथेच. लॅबचं मशीन पकडतं तेही तिथेच, कारण मशीनमध्येही अँटिबॉडीच लावलेल्या असतात.

"आणि लशीत काय असतं?" डॉक्टरांनी मलाच विचारलं. मला उत्तर येत होतं, परीक्षेला लिहिलेलं, पण ते या कागदाशी कधी जोडून पाहिलं नव्हतं. लशीत असतं हेच लहान प्रथिन. त्याचा जनुक यीस्टमध्ये घालतात, यीस्ट ते प्रथिन बनवतं, आणि त्याच्या तशाच २२ नॅनोमीटरच्या रिकाम्या साली तयार होतात. आकडा नाही, कोअर नाही, डीएनए नाही. १९८१ साली पहिली लस आली तेव्हा तर या साली बाधित माणसांच्याच रक्तातून गाळून, निर्जंतुक करून वापरायचे. यीस्टवाली लस १९८६ सालची. (नाशिकमध्ये यीस्ट म्हटलं की आधी वाइनरीच आठवते. ती यीस्टवाली पहिली लस खरोखर त्याच जातीच्या यीस्टमध्ये बनवली होती.)

मोठ्या माणसाच्या एका डोसमध्ये २० मायक्रोग्रॅम एचबीएसएजी असतं. आजची मशीन एका मिलीलीटरमध्ये नॅनोग्रॅमच्याही छोट्या अंशापर्यंत पकडतात. दंडातून थोडंसं जरी रक्तात उतरलं तरी काही दिवस रिपोर्टवर दिसू शकतं. आणि गंमत अशी की मशीन चुकलेलं नसतं. खात्रीसाठी न्यूट्रलायझेशनची तपासणी लावली असती तर तिनेही "खरंच आहे" असंच सांगितलं असतं, कारण प्रथिन खरंच होतं.

तरीही डॉक्टरांनी मला तिथल्या तिथे मोकळं केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. बाधा नुकतीच झालेली असेल तरी सुरुवातीला इंडेक्स असाच थोडा येऊ शकतो, आणि मी लाल पट्टीच्या मशीनवर उभी राहिलेली होते. त्यांनी तीन गोष्टी लिहून दिल्या. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली आहे का ते सांगणारी, ती २४, नॉर्मल आली. कोअरची अँटिबॉडी, कारण लशीत कोअर नसतोच, ती आली तर मामला खरा, निगेटिव्ह आली. आणि एचबीव्ही डीएनए, म्हणजे खुद्द विषाणूच रक्तात आहे का ते. ते सॅम्पल मुंबईला गेलं, रिपोर्टला पाच दिवस लागले आणि पैसे बरेच गेले. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून बी आणि सी काविळीची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत, हे मला पावती फाडल्यावर कळलं.

त्या पाच दिवसांत मी कामावर जात होते. इन्चार्ज सिस्टरना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हातच मारून घेतला. "अगं, पेशंटला डोस दिला की महिनाभर मार्कर लावायचे नाहीत, हे मीच तुम्हाला शिकवते!" मार्कर म्हणजे एचबीएसएजीसारख्या तपासण्या. पेशंटचे डोस तर ४० मायक्रोग्रॅमचे असतात, दुप्पट. नियम भिंतीवर चिकटवलेला होता. फक्त तो पेशंटसाठी आहे असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. दोन महिने लस न देता मला कामाला लावलं होतं, याबद्दल मात्र कुणी कपाळावर हात मारला नाही.

घरी हे समजावताना मला फार कष्ट पडतील असं वाटलं होतं. साल, टरफल, यीस्ट, सगळं सांगून झालं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे फवारून सहाव्या दिवशी सॅम्पल दिलंस."

"म्हणजे?"

"पीएचआय पाळला नाहीस. रेसिड्यू येणारच की."

एक्स्पोर्टचा माल केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. फवारणीपासून काढणीपर्यंत ठरलेले दिवस जाऊ द्यायचे, नाहीतर लॅबच्या रिपोर्टवर औषध दिसतं आणि कंटेनर थांबतो. मी अर्धा तास जे सांगत होते ते त्यांनी दोन वाक्यांत मिटवलं आणि आईला म्हणाले, त्या गावठी औषधवाल्याला नको म्हणून सांग.

डीएनए "नॉट डिटेक्टेड" आला. लशीला अठ्ठावीस दिवस झाले त्या सकाळी उपाशीपोटी पुन्हा रक्त दिलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आधी रक्त, मग दुसरा डोस, उलटं केलंत तर पुन्हा इथेच येऊन बसाल. लॅबमधून निघाले ती थेट सेंटरवर जाऊन डोस टोचून घेतला. संध्याकाळी रिपोर्ट: इंडेक्स ०.२, नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.

सर्जनकडे नवा रिपोर्ट नेला तेव्हा काउंटरवर तीच मुलगी होती. मी तिला फाइलवरचा लाल गोल दाखवला. ती म्हणाली, तो आता पुसता येत नाही, नवी फाइल करावी लागेल, वीस रुपये. दिले. गाठ खरंच अर्ध्या तासात निघाली, पाच टाके पडले.

सहा महिन्यांनी तिसरा डोस घेतला आणि त्यानंतर दीड महिन्याने टायटर. म्हणजे त्या बाहेर लोंबणाऱ्या वळशाविरुद्ध माझ्या रक्तात किती अँटिबॉडी झाल्या ते मोजायचं. दहाच्या वर असलं की संरक्षण आहे असं धरतात. माझा ४१२ आला. बाबांना फोन केला.

"मर्यादा किती म्हणालीस?"

"दहा."

"आणि आला चारशे बारा? मग तर सगळा माल रिजेक्ट."

"नाही हो बाबा, हे जास्तच पाहिजे असतं."

पलीकडे थोडा वेळ नुसता पंपाचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "बरं. मग परत एकदा नीट सांग. हे काय मोजलंय?"