घासतोय आतला, अडलाय बाहेरचा

पावसाळा सरला की आमच्या साताऱ्याच्या सायकलवाल्यांत एकच रडगाणं सुरू होतं: डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, घासतेय. कासचं पठार जांभ्याचं. तिथला लाल चिखल चाकाबरोबर उडून कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणाऱ्या चिमट्यात, जाऊन बसतो, तिथेच वाळतो, आणि यवतेश्वरचा घाट चढताना पुढच्या चाकातून सर्र-सर्र ऐकू यायला लागतं. मग जो तो डॉक्टर होतो. कुणी म्हणतं डिस्क मधोमध येईल असा कॅलिपर सेंटर कर, कुणी म्हणतं ब्लीड कर, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढून आण.

भाच्याने ते दोन्ही करून घेतलं होतं. पैसे गेले, आवाज तसाच. "आत्या, ते म्हणतायत आता कॅलिपरच बदला." म्हटलं, आण इकडे, आधी बघू तरी.

बघण्यासाठी सायकल उलटी करू नका. ब्रेकच्या लिव्हरजवळच्या तेलाच्या टाकीत थोडी हवा असली तर ती नळीत उतरते आणि नवीनच दुखणं मागे लागतं. सायकल सरळ उभी ठेवायची, कॅलिपरच्या खाली पांढरा कागद धरायचा, वरच्या फटीतून डोळा लावायचा आणि लिव्हर अगदी सावकाश दाबायचा. भाच्याच्या ब्रेकमध्ये आतला, म्हणजे चाकाकडचा पॅड पुढे सरकला, डिस्कला टेकला, आणि तिला ढकलत बाहेरच्या पॅडपर्यंत घेऊन गेला. बाहेरचा पॅड पाहुण्यासारखा जागेवर बसून होता. कागदावर डिस्क वाकताना इतकी स्वच्छ दिसली, की भाचा म्हणाला, "अरे, हे तर मला कुणी दाखवलंच नाही."

आता गंमत अशी, की घासत होता आतला पॅड, म्हणून सगळे आतल्या बाजूच्या मागे लागले होते. दोषी होता बाहेरचा पिस्टन, म्हणजे तेलाच्या दाबाने पॅडला ढकलणारा दट्ट्या. दोन्ही पिस्टनांच्या मागे तेल एकच आणि दाबही सारखाच. ज्याला अडथळा कमी, तो आधी निघतो. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक रबरी सील असतं. पिस्टन पुढे गेला की ते त्याला धरून थोडं पिळलं जातं आणि लिव्हर सोडला की पूर्ववत होताना पिस्टनला मागे ओढतं. वेगळी स्प्रिंग असली तरी ती पॅडसाठी, पिस्टन मागे येतो तो सीलमुळेच. पॅड झिजतात तसा पिस्टन सीलमधून किंचित घसरून पुढची जागा धरतो. बाहेरच्या पिस्टनवर माती चढली, सील कोरडं पडलं, तर तो घसरतच नाही. जेवढा निघाला तेवढा परत जातो. मग झिजेची सगळी भरपाई आतल्याला करावी लागते. तो दर वेळी जास्त बाहेर येतो आणि शेवटी डिस्कला चिकटून राहतो.

म्हणूनच कॅलिपर सेंटर केला की आवाज तात्पुरता थांबतो. कॅलिपर बिचारा वाकड्या मांडणीला जुळवून घेतो, पॅड झिजले की पुन्हा तेच. आणि ब्लीडिंग हवेसाठी असतं. लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर जरूर करा. इथे लिव्हर घट्ट होता. आवाज थांबून थांबून, चाकाच्या दर फेऱ्याला येत असेल तर डिस्क वाकलेली आहे, तो वेगळाच विषय.

काम सोपं आहे, घाई मात्र नको. चाक काढलं, पिन काढून पॅड बाहेर घेतले. चांगल्या पिस्टनला टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने, टायर लिव्हरने, दाबून धरलं आणि भाच्याला ब्रेक हळूहळू दाबायला सांगितलं, म्हणजे आळशी पिस्टनला निघण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तीन-चार मिलिमीटर पुरे. त्याहून जास्त काढला तर तो टुणकन बाहेर पडतो, तेल सांडतं, आणि मग ब्लीडिंग खरोखरच करावं लागतं. बाहेर आलेल्या कडेवर तांबूस करड्या मळाचं कडं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या इअरबडने ते निघालं. चार-पाच बड लाल झाले.

हा मळ पुसल्याशिवाय पिस्टन मागे ढकलायचा नाही. नवे पॅड बसवताना बहुतेक जण नेमकं तेच करतात आणि माती सीलमध्ये कोंबतात.

मग मिनरल ऑइलचा एक थेंब कडेभोवती फिरवला, पिस्टन टायर लिव्हरने मागे ढकलला, पुन्हा बाहेर काढला, पुन्हा ढकलला. काही फेऱ्यांनंतर तो मोकळा झाला. स्क्रूड्रायव्हर इथे वापरू नका, सिरॅमिक पिस्टनचा टवका उडतो. तेल कुठलं हे मात्र आधी टाकीच्या झाकणावर वाचा. शिमानो आणि मागुरा मिनरल ऑइलवर चालतात, स्रॅमचे बरेच ब्रेक डॉट फ्लुइड या वेगळ्या ब्रेक तेलावर. अदलाबदल झाली तर सीलं फुगून निकामी होतात. गंजावर मारायचा स्प्रे तर ब्रेकच्या आसपासही नको.

उरलेलं तेल टिपून घेतलं, डिस्क अल्कोहोलने पुसली, पॅड आणि चाक बसवलं. कॅलिपर सेंटर करण्याची वेळ आत्ता आली: बोल्ट सैल, लिव्हर दाबून धरलेला, मग बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळायचे. टॉर्क रेंच असेल तर ६ ते ८ न्यूटन-मीटर.

मागच्या ब्रेकला मात्र हा इलाज चालला नाही. पॅड काढल्यावर पिस्टनभोवती तेलाची ओल दिसली, पुसली तरी लिव्हर दाबला की परत यायची. सील गेलं होतं. स्रॅमच्या बऱ्याच कॅलिपरना पिस्टन-सीलचा संच मिळतो, शिमानोचं सील सुटं विकत मिळत नाही, आणि भाच्याची सायकल शिमानोवाली. तेव्हा मागचा कॅलिपर आणि तेल प्यायलेले पॅड बदलावेच लागले. पुढचा जुनाच आहे आणि ठाकठीक चालतोय.