नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकलेली खोली

कराडात माझं मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. घरामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आई तीन वर्षांपासून धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) करते. गव्हाचं काड भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, निथळून पिशवीत थर देत स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, पेरायचा, हे सगळं ती एकटी करते. पावसाळ्यात खोली आपोआप ओली राहायची. दिवाळी झाली की हवा कोरडी पडायची, आणि मग दिवसातून चार-पाच वेळा पाठीवर पंप घेऊन फवारणी. गेल्या हिवाळ्यात तिचा गुडघा धरला तेव्हा म्हटलं, आता हे काम यंत्राला लावू.

धिंगरीला पीक येताना हवेत ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते आणि ताजी हवाही. म्हणजे धुकं सोडणारा एक फॉगर, हवा बाहेर फेकणारा एक एक्झॉस्ट पंखा आणि दोन्ही चालू-बंद करणारं काहीतरी. दिवसभर स्टार्टर आणि कॉन्टॅक्टर हाताळणाऱ्या माणसाला हे दोन रविवारचं काम वाटलं. लागले चार महिने.

पहिला प्रयोग साध्या टायमरचा. तासाला पाच मिनिटं फॉगर. दुपारी ते पुरायचं नाही आणि पहाटे खोलीतून पाणी टपकायचं. अळिंबीच्या टोप्यांवर पिवळट चिकट डाग पडले, आठवड्याचा माल फेकला. घड्याळाला हवा कळत नाही, एवढं त्यातून कळलं.

मग पुण्याला तपकीर गल्लीत गेलो. प्रोग्राम भरता येणारा नोडएमसीयू बोर्ड, आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर, चार रिलेचं (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचांचं) मॉड्यूल आणि फॉगर म्हणून चोवीस व्होल्टचा अल्ट्रासॉनिक मिस्ट मेकर घेऊन आलो. प्रोग्राम भाच्याने मोबाइलवर समजावत लिहून दिला: आर्द्रता ८२ च्या खाली गेली की फॉगर चालू, ९० ला बंद. मधली आठ टक्क्यांची ढील मी मागून घेतली, नाहीतर रिले दिवसभर टकटक करत बसला असता.

लाज वाटावी अशी चूक इथेच झाली. एक्झॉस्ट बंद झाला की बोर्ड रिसेट व्हायचा. तीन दिवस मी प्रोग्रामला आणि भाच्याला दोष देत होतो. मोटरची कॉइल तोडताना ठिणगी पडते, हे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगत आलोय! शंभर ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, मेनवर चालणारा कपॅसिटर असा ठिणगी दाबणारा स्नबर पंख्याला जोडला, बोर्डाचा सप्लाय वेगळा केला, विषय संपला. दुसरा चटका रिलेचा. हे मॉड्यूल उलटं चालतं, पिनला शून्य मिळालं की रिले ओढतो. त्यामुळे लाइट येऊन बोर्ड जागा झाला की सगळे रिले एकदम खटकन लागायचे. पिनला आधी ‘हाय’ (शून्याच्या उलट) सांगून मग तिला आउटपुट केलं, तेव्हा ते थांबलं.

आठवडाभर सगळं मस्त. मोबाइलवर आकडा बघायचा आणि खूश व्हायचं. एका सकाळी आकडा होता ९९.९. दुपारी ९९.९, रात्रीही तेच. मी म्हटलं, वा, काय खोली धरलीय! दुसऱ्या दिवशी आईने हाक मारली. पिशव्यांवर आलेल्या टाचणीएवढ्या कळ्या तपकिरी पडून वाळल्या होत्या. सेन्सरवर दव साचलं होतं, तो वरच अडकला होता, आणि त्याच्या भरवशावर फॉगर दीड दिवस गप्प.

सेन्सर पंख्यासमोर वाळवला, पण आता विश्वास बसेना. मग मिठाची परीक्षा घेतली. घट्ट झाकणाचा डबा घेतला. एका वाटीत दोन चमचे मीठ, त्यावर थेंबथेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. मीठ विरघळू द्यायचं नाही. वाटी डब्यात, सेन्सर डब्यात, वायरीच्या फटीला मेण. खोलीच्या तापमानाला त्या डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, आणि मिठात भेसळ नसेल तर हा आकडा हलत नाही. रात्रभर ठेवला. सकाळी माझा सेन्सर सांगत होता ८३. एसएचटी३१ नावाचा दुसरा सेन्सर आणला, त्याने त्याच डब्यात ७६ दाखवले. त्याला पीव्हीसीच्या एल्बोत तोंड खाली करून, फॉगरपासून लांब, पिशव्यांच्या उंचीवर टांगला. त्याच्या पोटात बारीक हीटर असतो, तो मधूनमधून काही सेकंद चालवला की ओल उडते. तेवढ्या वेळचा आकडा मात्र धरायचा नाही.

मिस्ट मेकरचं दुखणं पाण्याचं निघालं. आमच्या बोअरच्या पाण्याने चकतीवर पांढरा थर धरला आणि टोप्यांवरही पीठ भुरभुरल्यासारखं दिसायला लागलं. आता आरओ फिल्टरचं पाणी घालतो.

मग आई एकदा म्हणाली, “अरं, ह्यांचं दांडं बघ केवढं वाढल्यात, आन् टोप्या बटनाएवढ्या. दम कोंडलाय ह्यांचा.” मी मोबाइल दाखवला. कार्बन डायऑक्साइड मोजायला एमएच-झेड१९ सेन्सर लावला होता, आणि तो ६०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ६००) सांगत होता. हजाराच्या आत म्हणजे ठीक. ती म्हणाली, “तुझा मोबाइल तिथं राहतोय व्हय?”

रात्री डेटाशीट वाचत बसलो. हा सेन्सर दर चोवीस तासांत दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, ४०० पीपीएम, असं समजून स्वतःला जुळवून घेतो. घरात किंवा ऑफिसात हे चालतं. आमच्या खोलीत अळिंबी चोवीस तास श्वास सोडते, आकडा ४०० पर्यंत कधी उतरतच नाही. म्हणजे रोज रात्री तो स्वतःची समजूत काढून घेत होता. ती सवय कमांड देऊन बंद केली, पहाटे गच्चीवर नेऊन अर्धा तास ठेवून नीट लावला आणि परत आत आणला. आकडा १९००.

पंखा वाढवला तर ओल जाते, फॉगर वाढवला तर पंखा ती बाहेर फेकतो. दोघांचं भांडण बरेच दिवस चाललं. शेवटी पाळी लावली: पंखा दोन मिनिटं, मग मिनिटभर शांतता, मग गरज असेल तर फॉगर. खालच्या बाजूला ओलं गोणपाट लावलेली झडप केली, बाहेरची हवा त्यातूनच आत येते. आठवड्याभरात टोप्या पसरल्या.

एका रात्री आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, पडला. जंक्शन बॉक्समध्ये वायर वरून घुसवली होती, तिच्यावरून पाणी ओघळून आत गेलं होतं. तीस मिलिअँपिअरचा तो आरसीसीबी मी मागून बसवला होता, खर्च वाटत होता म्हणून आधी टाळत होतो. पहाटे आई अनवाणी त्या खोलीत जाते. बॉक्स बाहेर काढला, वायर खालून घेतली, आणि वायर बॉक्सात जाण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं.

आता फवारणीचा पंप माळ्यावर आहे. डाव्या कोपऱ्यातल्या चार पिशव्यांपर्यंत धुकं पोचत नाही, तिथे आई अजून बाटलीने शिंपडते. पाइप वळवून देतो म्हणालो तर नको म्हणाली. मिठाचा डबा दर दोन महिन्यांनी लागतो, म्हणून स्वयंपाकघरातच ठेवलाय. त्यावर तिने खडूने लिहिलंय, ‘मशीनचं. भाजीत घालू नये.’