एकही रेल्वे न आलेल्या स्टेशनांच्या वाटेवर

पुण्याहून खंबाटकीला किंवा वरंध्याला सायकल काढणाऱ्याला चढाची भीती नसते, मागच्या डंपरची असते. चढ मांड्यांना कळतो आणि संपतो. हॉर्न मात्र रात्री झोपेतही वाजतो. म्हणून स्पेनमध्ये राहणाऱ्या मित्राने "डोंगर आहेत, खडीची वाट आहे आणि गाडी एकही नाही" असं सांगितलं, तेव्हा तिसऱ्या गोष्टीवर माझा विश्वास बसेना. "अरे, येऊन तर बघ," एवढंच तो म्हणाला.

जागा अंदालुसियातली, कादिस प्रांताच्या डोंगराळ भागातली. पुएर्तो सेरानो ते ओल्वेरा, 36 किलोमीटर. या वाटेचं नाव वीआ वेर्दे दे ला सिएरा, म्हणजे डोंगरातली हिरवी वाट. 1920 च्या दशकात, प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाहीत, हेरेस ते अल्मार्गेन अशी रेल्वे टाकायचं ठरलं. बोगदे खोदले, पूल बांधले, स्टेशनांच्या इमारतीही उभ्या राहिल्या. मग पैसा आटला, 1936 मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि काम राहिलं ते राहिलंच. या मार्गावरून कधीच एकही गाडी धावली नाही. पुढे 1993 पासून स्पेनने बंद पडलेले आणि अर्धवट राहिलेले रेल्वेमार्ग चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी खुले करायला घेतले. आज देशभर अशा वाटा 3,000 किलोमीटरच्या वर आहेत. सरकारी पैसा वाया गेल्याच्या कहाण्या आपल्याकडेही कमी नाहीत, पण त्या वायफळ खर्चावर इतक्या सुखाने सायकल चालवायला मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

या वाटेचं खरं मर्म रेल्वेच्या इंजिनिअरात आहे. रस्ता बांधणारा डोंगर आडवा आला की वळणं घेत अंगावर चढतो. रेल्वेवाल्याला ती मुभा नसते. आपल्या बोरघाटातला 1:37 चा चढ रेल्वेच्या हिशेबाने भलताच खडा, म्हणून तिथे मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. सायकलच्या भाषेत तो फक्त पावणेतीन टक्के! इथे तर सरासरी चढ जेमतेम एक टक्का. म्हणजे दोन्ही बाजूंना डोंगर अंगावर येतात, खाली ग्वादालेतेचं आणि पुढे ग्वादालपोर्कुनचं पात्र दिसत राहतं आणि आपण मात्र गिअर फारसे न बदलता निवांत वर सरकत असतो. पुएर्तो सेरानोकडून निघालं की ओल्वेरा वर. बहुतेक लोक उलटे, उताराने येतात. मी म्हणेन चढानेच जा, म्हणजे परतताना पाय थकलेले असले तरी वाट आपल्या बाजूची असते.

वाटेवर बारीक दाबलेली खडी आहे. 40 मिलिमीटरच्या टायरला हवा थोडी कमी ठेवली की हँडलमधून हातात फक्त बारीक गुणगुण येते. मे महिन्याचा मध्य होता. दोन्ही बाजूंना ऑलिव्हला फुलोरा आलेला. फूल म्हणाल तर तांदळाच्या कणीएवढं, पिवळट पांढरं. पण त्याचे पराग असे उडत होते की हँडलच्या काळ्या टेपवर पिवळी पूड बसली आणि मित्र सबंध सकाळ शिंकत राहिला. ऑलिव्हच्या परागांची ॲलर्जी हे इथलं नेहमीचं दुखणं, औषधाची पट्टी त्याच्या जर्सीच्या खिशात तयारच होती. ओढ्यांच्या काठी गुलाबी कण्हेर उमलायला लागली होती. आपण जिला देवपूजेच्या परडीतली म्हणून ओळखतो, ती इथे नदीनाल्यात रानटी वाढते.

बोगदे एकूण तीस. काही इतके छोटे की आत शिरेशिरेपर्यंत बाहेर. सर्वांत लांब जवळजवळ एक किलोमीटरचा. काहींत दिवे आहेत, तरी हेडलाइट हवाच, कारण उन्हातून आत शिरल्यावर पहिली काही सेकंदं डोळे निकामी असतात. बाहेर तिशीतलं तापमान आणि आत अंगावर काटा आणणारा गारवा, वरून मानेवर टपकणारं पाणी. एका बोगद्यात समोरून घंटांचा आवाज आला. शेळ्या! आम्ही उतरून भिंतीला चिकटून उभे राहिलो. कळप सायकलींना हुंगत गेला, मागून काठीवाला म्हातारा "बुएनास" म्हणत गेला. दिवसभरातला ट्रॅफिक जॅम म्हणायचा तर तेवढाच.

कोरिपेच्या पुढे साफ्रामागोनचा सुळका लागतो आणि तिथे आमची सायकलिंगची ट्रिप संपून पक्षीनिरीक्षणाची सुरू झाली. हा चुनखडीचा कडा म्हणजे ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत. जुन्या स्टेशनात माहिती केंद्र आहे, तिथल्या पडद्यावर कड्यावरच्या कॅमेऱ्यातून घरटं दिसतं. एका जोडीचं एकच अंडं, त्यातलं एकच पिल्लू. राखाडी पिसांचा तो गबदूल गोळा कपारीत बसून मान वळवत होता आणि मग आईबापांपैकी कुणीतरी येऊन उतरलं, तेव्हा पडदाच भरून गेला. पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत अडीच मीटरच्या आसपास. बाहेर आलो तर ती आमच्या डोक्यावरून, एकदाही पंख न हलवता, गरम हवेवर चढत होती.

मला मात्र आपली गिधाडं आठवत होती. लहानपणी मेलेल्या गुराभोवती थव्याने दिसणारी, नंतर अशी नाहीशी झाली की पुढच्या पिढीला चित्रच दाखवायचं. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुराच्या मांसातून पोटात गेलं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात हे कळल्यावर भारताने 2006 मध्ये ते औषध गुरांसाठी बंद केलं. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला लोक आज उरलेली गिधाडं जिवापाड जपताहेत. आणि एवढं सगळं जगजाहीर असताना स्पेनने 2013 मध्ये तेच औषध गुरांसाठी विकायला परवानगी दिली. युरोपातली बहुसंख्य गिधाडं या देशात आहेत! केंद्रात याबद्दल मी जरा तावातावाने बोललो. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मित्रामार्फत सांगितलं की हे भांडण त्यांचंही आहे.

ओल्वेराचं स्टेशन आलं की रेल्वेची कृपा संपते. गाव वर टेकडीवर, पांढऱ्या घरांच्या रांगा आणि माथ्यावर चर्च व मूरांचा किल्ला शेजारी शेजारी. ग्रॅनडाच्या मुस्लिम, म्हणजे मूरांच्या राज्याच्या सीमेवरचं हे ठाणं कॅस्टिलच्या ख्रिस्ती राजाने, अकराव्या अल्फॉन्सोने, 1327 मध्ये घेतलं. त्याच्या फौजेचं कौतुक मला चढावरच वाटलं, कारण शेवटच्या गल्लीत मी सायकल हातात धरून चाललो.

चौकात भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि वर गावचंच हिरवं तेल, बाटली टेबलावर ठेवून दिलेली, हवं तेवढं ओता. मी ओतलं. मित्राने तेवढ्यात फोनवर नकाशा उघडला होता. हाएनपासून पुएंते हेनीलपर्यंत 128 किलोमीटरची तसलीच दुसरी वाट आहे, तिचं नावच तेलाची वाट, लोखंडी पुलांवरून जाणारी. "तिथे तर ऑलिव्ह याच्या दसपट," तो म्हणाला आणि पुन्हा शिंकला.