फ्रिडमनी ब्रीडिंग : पिल्लं दुसऱ्या आठवड्यात, रोटिफरनं मात्र जीव काढला

फ्रिडमनीची, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळतात त्या छोट्या जांभळ्या माशाची, पिल्लं पहिला आठवडा पार करून गेली! आधीच्या खेपांना चार-पाच दिवसांतच टब रिकामा व्हायचा, त्यामुळे आज लिहिल्याशिवाय राहवेना.

जोडी तीच. दोन्ही मादी म्हणूनच आल्या होत्या, मोठीचा नर झाला. पीव्हीसी एल्बोमध्ये (पाइपच्या वाकड्या तुकड्यात) तो अंड्यांचा गोळा राखत होता. मादी जवळ आली की हुसकावायचा, खाणं टाकलं तरी बाहेर येईना. अंड्यांतले डोळे चंदेरी चमकायला लागले, तेव्हाच रात्रीची तयारी करून ठेवली. दिवे बंद झाल्यावर टाकीच्या एका कोपऱ्यात टॉर्च धरला. पिल्लं उजेडाकडे गोळा झाली, ती कपानं अलगद काळ्या टबात घेतली.

इथपर्यंत सगळं सोपं. खरं दुखणं रोटिफरचं, म्हणजे पिल्लांना खायला घालायच्या सूक्ष्म जिवांचं. ते बादलीत शेवाळ घालून वाढवतो, तेच कल्चर. माशाची अंडी फुटायच्या तोंडावरच कल्चर बसायचं, म्हणजे रोटिफर एकदम मरायचे. सकाळी बघावं तर पाणी गढूळ, वर फेस आणि उग्र वास. सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. बाहेर ४२-४३ आणि पत्र्याखालच्या खोलीत पंखाही गरमच हवा फेकतो. पाणी तापलं आणि पीएच चढला, की अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो. त्यात न खाल्लेलं शेवाळ कुजलं की सिलिएट (नको असलेले एकपेशीय जीव) माजतात, आणि मग ती बादली वाचत नाही.

या वेळी रोज एक थेंब मायक्रोस्कोपखाली घातला. धडधाकट कल्चरमध्ये बऱ्याच माद्या मागे अंडं लटकवून गरगर फिरताना दिसतात. अंडीवाल्या कमी झाल्या आणि पोहणं मंदावलं, की समजायचं कल्चर बसणार. पाणी साफ दिसत असतानाच हे कळतं! त्या दिवशी वाट न बघता कल्चर गाळून नव्या पाण्यात घेतलं.

गाळणीचं सांगतो. गणवेशावर लोगो छापणाऱ्यांकडून स्क्रीन प्रिंटिंगची जाळी आणली, सेंटिमीटरला १२० धाग्यांची. भोकं साधारण पन्नास मायक्रॉनची, रोटिफर वर राहतात, सिलिएट बरेचसे खाली जातात. ऑनलाइन मिळणारी महागडी गाळणी कशाला घ्यायची?

तापमानावर उपाय निघाला तो आपल्या टॉवेलचा. बादली पाण्याच्या घमेल्यात ठेवली, भोवती जाड टेरी टॉवेल गुंडाळून त्याचं टोक पाण्यात सोडलं आणि टेबल फॅन लावला. इथली हवा इतकी कोरडी, की भर दुपारीसुद्धा बादली २८ च्या वर गेली नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे जमणार नाही. मोठ्या टाकीला चिलरच (पाणी गार करणारं यंत्र) हवा. फ्रिडमनी तांबड्या समुद्रातला, म्हणून उष्णता सोसेल असं दुकानदार सांगतात, पण त्यावर विसंबू नका. कपारीत राहणारा मासा आहे तो, तापलेल्या उथळ डबक्यातला नव्हे.

रोटिफरला खाणं म्हणून यीस्ट मी कायमचं बंद केलं. स्वस्त पडतं, पण पाणी नासवतं. नॅनोक्लोरॉप्सिस या सूक्ष्म शेवाळाची पेस्ट थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा. मुंबईच्या एका दुकानदारानं मात्र पेस्ट बर्फाशिवाय पाठवली, सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधून उतरवली तेव्हाच आंबलेली होती. आता स्वतःचं हिरवं पाणी, म्हणजे जिवंत शेवाळाचं पाणी, तयार करतोय. त्यासाठी आरओचं पाणी लागतं आणि उजनीचं पाणी तर रोज येत नाही, म्हणून ड्रम भरून ठेवतो.

कल्चरची दुसरी बादली इथेच जोडीला ठेवायची असं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता वाटतंय, त्यापेक्षा मामांच्या माळवदाच्या घरात मागच्या खोलीत एक ठेवावी. तिथे पंख्याशिवायही गारवा असतो, वीज गेली तरी भीती नाही. शिवाय एक बाटली फ्रिजमध्ये चार अंशांवर. थंडीत रोटिफर सुस्तावतात, पण बरेच दिवस तग धरतात. हो, हेच करतो. इथली दुसरी बादली रद्द.

कालपासून पिल्लांना नुकते फुटलेले आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचे बारीक जीव) द्यायला लागलो. भिंग लावून बघितलं तर काचेसारख्या पारदर्शक अंगात पोट नारिंगी झालेलं! जी अजून लहान आहेत त्यांच्यासाठी रोटिफर चालूच. जांभळा रंग यायला महिनाभर तरी जाईल. तळाला बसायला लागली की ती एकमेकांना छळतात, म्हणून लपायला अर्धा इंची पाइपचे तुकडे आत्ताच कापून आरओच्या पाण्यात भिजत घातलेत. पाइपऐवजी दुसरं काही वापरून कोणी भांडणं कमी केली असतील तर सांगा.